ट्रॉम्ब्याची वाट

२६ जुलै २००५ हा दिवस ज्यांनी मुंबईत काढला, त्यांना तो विसरता यावयाचा नाही. त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मी त्या वेळी घाटकोपरच्या एका शाळेत शिक्षक होतो आणि राहावयास ट्रॉम्ब्याला होतो. आमच्या वस्तीतील चौदा मुले त्याच शाळेत येत. शाळा सुटली तेव्हा बस नव्हती, रिक्षा नव्हती, रस्त्यावरच्या मोटारी जागच्या जागी उभ्या होत्या. दोन तास वाट पाहिली. मग चौदाही मुलांना घेऊन मी पायी निघालो. निघालो हे शहाणपणाचे होते की नाही, याविषयी मला अजूनही शंका आहे.

निघण्यापूर्वी मी प्रत्येकास एकेक क्रमांक दिला. प्रत्येक नाक्यावर सर्वांनी आपापला क्रमांक मोठ्याने म्हणावयाचा, आणि कोणी मागे राहिलाच तर त्याने आहे तेथेच उभे राहावयाचे, असे बजावले.

रोजचा रस्ता मला तोंडपाठ होता. परंतु पहिल्याच चौकात एक गृहस्थ छातीएवढ्या पाण्यातून परत येताना भेटले. ते म्हणाले, "गुरुजी, मानखुर्दच्या रस्त्याने जाऊ नका. चेंबूरच्या अंगाने जा."

"आणि तेथून ट्रॉम्ब्याला कसे जावयाचे?"

"ते मला काय ठाऊक? चेंबूर नाक्यावर विचारा."

मला त्यांचा थोडा रागच आला. पण पुढे सारी संध्याकाळ हाच प्रकार चालला. चेंबूर नाक्यावरच्या हवालदाराने देवनारचा रस्ता दाखविला आणि पुढचे देवनारला विचारा म्हणून सांगितले. देवनारला एका भाजीवाल्या मावशींनी एक गल्ली दाखविली. ट्रॉम्ब्यापर्यंतची सगळी वाट त्या दिवशी एकालाही ठाऊक नव्हती. प्रत्येकाला फक्त पुढचा नाका ठाऊक होता, आणि तोही अलीकडून नुकत्याच आलेल्या माणसाने सांगितला म्हणून!

त्या चौदांपैकी पाच क्रमांकाचा मुलगा आज संगणकांच्या जाळ्याचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात तो भेटावयास आला. मी त्याला विचारले, "अरे, तू नेमके करतोस तरी काय?" तो हसून म्हणाला, "सर, त्या दिवशी आपण जे केले, तेच."

मग त्याने मला जे समजावून दिले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एका संगणकाने दुसऱ्याकडे चित्र वा पत्र पाठविले म्हणजे ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. एका तुकड्यात बहुधा दीड हजार अक्षरांहून अधिक मजकूर नसतो. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रम दाखविणारा आकडा असतो. वाटेत ठिकठिकाणी नाके असतात. तेथे राउटर नावाचे यंत्र पत्ता वाचते आणि आपल्या कोष्टकात पाहून तो तुकडा कोणत्या दाराने पुढे धाडावयाचा हे ठरविते. सगळी वाट त्यालाही ठाऊक नसते. शेजारचे राउटर एकमेकांना कोठून कोठे जाता येते हे कळवीत राहतात आणि त्याप्रमाणे कोष्टके बदलतात. एकाच पत्राचे तुकडे निरनिराळ्या वाटांनी, मागेपुढे होऊनही पोचतात. मुक्कामावरचा संगणक आकडे पाहून ते जुळवून घेतो.

मी विचारले, "आणि एखादा तुकडा चुकून गोल गोल फिरत राहिला तर?" कारण त्या संध्याकाळी देवनारला आम्ही एकाच पानपट्टीवरून दोनदा गेलो होतो! तो म्हणाला की, त्याचीही सोय आहे. निघतानाच तुकड्यावर आणखी एक आकडा घालतात, पुष्कळदा तो ६४ असतो. प्रत्येक नाक्यावर त्यातून एक वजा होतो. शून्य झाले की राउटर तो तुकडा टाकून देतो. नाहीतर वाट चुकलेल्या तुकड्यांनीच सारे रस्ते भरून जावयाचे.

गर्दीची गोष्ट तर मोठी विलक्षण आहे. त्या दिवशी घरोघरचे आईबाप मोबाइल लावीत होते. लागेना म्हणून पुन्हा लावीत होते. आणि सगळेच तसे करीत असल्यामुळे कोणाचाच लागत नव्हता. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथे संगणकांचे असेच झाले. जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. पोच मिळाली नाही की संगणक तोच तुकडा पुन्हा धाडी; त्याने गर्दी वाढे; गर्दीमुळे आणखी पोचा अडकत. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने यावर उपाय काढला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. आरंभी थोडेच धाडावे, पोच येत जाईल तसतसे वाढवावे, आणि तुकडा हरवला असे दिसताच आपण होऊन हात आखडता घ्यावा. कोणी पोलीस उभा नसताना प्रत्येक यंत्र स्वतःच थांबते, याचे मला अजून नवल वाटते. चाळीस मुलांच्या वर्गाला हे शिकविताना माझी हयात गेली!

आमच्या ट्रॉम्ब्याचा संगणकाशी संबंध जुना आहे. येथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६९ साली टीडीसी-१२ नावाचा संगणक बांधला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अमेरिकेत लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द तारेने धाडू लागले. त्याची दोन अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले. आजच्या इंटरनेटचा आरंभ हा असा झाला.

नंतरही रस्ते तुटलेच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्यास लागणाऱ्या. युरोपकडे जाणारी वाट अडली आणि देशभर इंटरनेट मंदावले. तेव्हा पुष्कळसे संदेश पूर्वेकडून, पॅसिफिक महासागराला वळसा घालून धाडण्यात आले. उशीर झाला, पण ते पोचले.

आमचीही गोष्ट पुरती सांगावयास हवी. अणुशक्तीनगरला मी क्रमांक म्हणावयास लावले. दहा झाले, आणि अकराच्या जागी कोणी बोलेना. माझ्या पायांतले बळच गेले. मग ध्यानात आले की देवनारला अकरा उमटला होता. म्हणजे शोधावयाचे ते तेथून येथवरच. तेरा मुले एका दुकानदाराच्या ओट्यावर बसवून मी मागे फिरलो. अर्ध्या वाटेवर तो सापडला. चिखलात चप्पल रुतली म्हणून मागे राहिला होता, आणि सांगितल्याप्रमाणे एका दुकानाच्या पायरीवर थरथरत उभा होता. संगणकाचा तुकडा हरवला तर पाठविणाऱ्याजवळ त्याची प्रत असते, तो दुसरा धाडतो. त्या संध्याकाळी माझ्याजवळ अकरा क्रमांकाची प्रत नव्हती. रात्री साडेनऊला चौदाही मुले आपापल्या दारी पोचली.

पाच क्रमांक निरोप घेऊन उठला तेव्हा बाहेर पावसाने जोर धरला होता. त्याने मोबाइलवर घाटकोपरचा रस्ता पाहिला. मानखुर्दकडची रेघ लालभडक दिसत होती. मी म्हणालो, "चेंबूरच्या अंगाने जा."

"आणि तेथून पुढे, सर?"

"ते मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "चेंबूर नाक्यावर विचार."