मुठीला मैदानात जागा नको

बर्फावरच्या हॉकीतल्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ माझे विद्यार्थी मोबाईलवर चवीने पाहतात. मग विचारतात, "सर, तिथे पंचसुद्धा बाजूला उभे राहून बघतात. आम्ही कबड्डीत हात उचलला की लगेच बाहेर का?"

प्रश्न रास्त आहे. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये मारामारी हा गुन्हाच आहे, पण त्याची किंमत ठरलेली : ५ मिनिटं बाहेर बसायचं, मग पुन्हा खेळायचं. ऑलिम्पिकमध्ये त्याच खेळात त्याच गुन्ह्याला सामन्यातून हकालपट्टी होते.

समर्थक म्हणतात, साठलेला राग दोन गुद्द्यांत निघून गेला तर काठीचा वार टळतो. चांगल्या खेळाडूला मुद्दाम त्रास देणाऱ्यावर वचकही राहतो. म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण वचक ठेवणं हे पंचाचं काम आहे. ते खेळाडूवर टाकलं की डेरेक बूगार्ड घडतो. मारामारीसाठीच ओळखला जाणारा हा खेळाडू २०११ साली, २८व्या वर्षी, वेदनाशामक गोळ्या आणि दारूच्या अतिसेवनाने गेला. डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा मेंदूचा आजार त्याला होता, हे नंतर तपासणीत दिसलं.

आपली कबड्डी काही मवाळ खेळ नाही. एका चढाईपटूवर सात जण तुटून पडू शकतात. तरी त्याचं तोंड दाबायचं नाही, गळा धरायचा नाही. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामना संपला. ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असताना एका चढाईच्या गुणांवरून अडला. सुवर्णपदक पणाला लागलेलं, खेळ तासभर बंद. खेळाडूंनी पंचांशी वाद घातला, मॅटवर ठिय्या दिला, पण निकाल मुठीने लागला नाही. भारत ३३-२९ने जिंकला. त्या संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदारही होता.

माझी खरी काळजी गावातली आहे. आमच्याकडे मोहल्ल्यातली आणि वाडीतली पोरं एकत्र खेळतात. मैदानात बसलेला गुद्दा त्या दोघांपुरता राहत नाही. रात्रीपर्यंत लोक 'कुणी मारलं' हे विचारायचं सोडून 'कुणाच्या पोराने मारलं' हे विचारू लागतात. एनएचएलमधली शिक्षा ५ मिनिटांत संपते, आमची वर्षभर पुरते.

उर्दूत 'ज़ब्त' म्हणजे स्वतःवरचा ताबा. मराठीत तोच शब्द 'जप्त' झाला. वर्गात मी दोन्ही अर्थ सांगतो : राग येऊ दे, पण आपली मूठ आपणच जप्त करायची. मोठ्यांनीही एवढं करावं, की लाल कार्ड आपल्या वाडीच्या किंवा मोहल्ल्याच्या पोराला मिळालं तरी पंचाच्या अंगावर धावून जाऊ नये.