लेप कुठे सुटतो

टायटॅनियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत आला की क्षणार्धात त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो. ३१६एल जातीच्या स्टेनलेस स्टीलवर आणि कोबाल्ट-क्रोमवर हेच काम क्रोमियमचा ऑक्साइड करतो. हाडात बसवलेल्या धातूवर, खाऱ्या, कोमट शरीरद्रवात हा थर सहसा टिकतो. हरतो तो फटींत. स्क्रूचे डोके आणि प्लेट यांच्यामध्ये प्राणवायू पोचत नाही, आणि प्रत्येक पावलाला धातूवर धातू घासतो. काढून घेतलेल्या स्टीलच्या प्लेटांवर भोकांच्या कडेने बारीक खड्डे दिसतात, ते यामुळे.

ही नैसर्गिक संरक्षणाची सीमा ओलांडण्यासाठी लेप दिले जातात. कुणाला झीज थांबवायची असते, कुणाला हाड धरवायचे असते, कुणाला जंतू दूर ठेवायचे असतात. एकच लेप ही तिन्ही कामे करतो असे सांगणारे माहितीपत्रक संशयानेच वाचावे.

हाड धरवणाऱ्या लेपांत हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा मान पहिला. हाडातील खनिज भाग याच कुळातला. शुद्ध स्वरूपात त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचे प्रमाण १.६७ असते. हा लेप दिलेले खुब्याचे सांधे १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये रोनाल्ड फरलाँग यांनी आणि १९८६ मध्ये नेदरलँड्समध्ये रुडॉल्फ गीसिंक यांनी रुग्णांत बसवायला सुरुवात केली. सिमेंटशिवाय बसवलेल्या धातूला हाड येऊन भिडते, हे त्यांनी दाखवून दिले.

लेप चढवतात प्लाझ्मा फवारणीने. दहा हजार अंशांच्या आसपास तापलेल्या झोतात पूड सोडली जाते. कण काही मिलिसेकंदांत वितळून धातूवर आपटतात, चपटे होतात आणि गोठतात. तंत्रज्ञांची खरी डोकेदुखी इथे सुरू होते, आणि वाचकाने इथे थोडा धीर धरावा. एवढ्या उष्णतेत खनिजाचे विघटन होते: काही भाग ट्रायकॅल्शियम फॉस्फेट बनतो, काही टेट्राकॅल्शियम फॉस्फेट, आणि थोडा चक्क कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना. जो भाग फार झटपट गोठतो त्याला स्फटिकरूप घ्यायला सवडच मिळत नाही. असा अस्फटिक भाग शरीरात लवकर विरघळतो. थोडे विरघळणे चांगले, कारण सुटणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट नव्या हाडाला उपयोगी पडतात. पण जास्त विरघळले तर लेप आतून पोकळ होतो. झोताची शक्ती, पुडीच्या कणांचा आकार, नळीपासूनचे अंतर यांपैकी एक गोष्ट हलली की लेप बदलतो. दोन कारखान्यांतून निघालेल्या ‘हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट लेपा’त नावाखेरीज काही समान नसणे यात नवल नाही.

याहून मोठा प्रश्न जोडाचा. कल्हई करताना कथील तापलेल्या तांब्याशी मिसळते आणि सीमेवर मिश्रधातूचा थर बनतो. म्हणून कल्हई झिजते, पण पापुद्र्यासारखी सुटत नाही. फवारलेल्या खनिजाला टायटॅनियमशी असे नाते जुळवता येत नाही. ते धातूच्या मुद्दाम खडबडीत केलेल्या पृष्ठभागाच्या खाचांत अडकून राहते. शिवाय थंड होताना ते टायटॅनियमपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे लेपात जन्मापासूनच ताण असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो ओढून काढायला किमान १५ मेगापास्कल ताण लागला पाहिजे. पण ती चाचणी कोरड्या नमुन्यावर, एकाच ओढीत होते. शरीरात सगळे ओले असते आणि एक पाय वर्षाला साधारण दहा लाख पावले टाकतो. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला लेप शरीरात टिकेलच, असे मानण्याइतके भोळेपण या क्षेत्राला परवडत नाही.

बदललेल्या खुब्यांची नोंद ठेवणाऱ्या स्वीडनच्या नोंदवहीने हा भोळेपणा बराच उतरवला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप दिलेल्या खुब्याच्या वाट्या सैल पडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका जास्त आढळला. मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्याच्या बाबतीत लेपामुळे फायदाही दिसला नाही, तोटाही नाही.

झीज रोखणाऱ्या लेपांची कथा अधिक बोचरी आहे. हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा लेप दिलेले खुब्याचे गोळे युरोपात रुग्णांत बसवले गेले. यंत्रावरच्या चाचण्यांत ते उत्कृष्ट ठरले होते. काही वर्षांनी ते मोठ्या संख्येने काढावे लागले. तपासात असे दिसले की लेपाला सुईच्या टोकाहूनही बारीक छिद्रे होती. त्यांतून शरीरद्रव आत शिरला आणि लेप धातूला चिकटावा म्हणून दिलेला मधला सिलिकॉनचा थरच हळूहळू गंजला. कार्बन अभंग राहिला, सुटला तो जोड.

हे माहीत असणाऱ्याला ‘गोल्डन नी’ म्हणजे सोनेरी लेपाच्या कृत्रिम गुडघ्याच्या जाहिराती वाचताना कंटाळा येतो. हा सोनेरी रंग सोन्याचा नव्हे. तो टायटॅनियम नायट्राइडचा किंवा टायटॅनियम-निओबियम नायट्राइडचा, काही मायक्रॉन जाडीचा थर आहे. हार्डवेअरच्या दुकानातील सोनेरी ड्रिल बिटवरही टायटॅनियम नायट्राइडच असते. त्याने कोबाल्ट, क्रोमियम आणि निकेलचे आयन कमी सुटतात, हे खरे. धातूच्या तीव्र अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या रुग्णासाठी त्याचा विचार करणे योग्यच. पण खोट्या कानातल्यांनी कानाची पाळी चिघळणे म्हणजे गुडघा निकामी होणे नव्हे. त्वचेची अ‍ॅलर्जी आणि सांधा सैल पडणे यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. तुलनात्मक चाचण्यांत सोनेरी गुडघा साध्या कोबाल्ट-क्रोमपेक्षा रुग्णाला स्पष्टपणे सरस ठरलेला नाही. लॅन्सेटमध्ये २०१९ साली आलेल्या आढाव्यानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, आणि ते गुडघे बसवले गेले तेव्हा सोनेरी लेप फारसा प्रचारात नव्हता. गुडघे हरतात ते मुख्यतः जंतुसंसर्गाने, सैलपणाने आणि प्लास्टिकच्या झिजेने.

काळा दिसणारा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा गुडघा याच रांगेत उभा करणे चुकीचे. तिथे वरून काही चढवलेले नसते. मिश्रधातू हवेत तापवून त्याचाच सुमारे पाच मायक्रॉनचा पृष्ठभाग सिरॅमिक केलेला असतो, त्यामुळे उपरा जोडच नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमसाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी ७६,६०० रुपये (जीएसटी वेगळा) अशी मर्यादा घातली. फरक किमतीत नोंदला गेला, लोकांच्या बोलण्यात मात्र रंगच उरला. निळ्या-जांभळ्या टायटॅनियमच्या स्क्रूंचा रंग तर निव्वळ ऑक्साइडच्या जाडीमुळे दिसतो. त्यात रंगद्रव्य नसते.

जंतुविरोधी लेपांत चांदी, आयोडीन आणि जेंटामायसिन ही तीन नावे पुढे आहेत. चांदी बहुधा गाठ काढल्यावर बसवलेल्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर असते, आणि तीही शक्यतो जिथे हाड धरायचे नाही तिथे, कारण जंतूंना मारणारी मात्रा हाडाच्या पेशींनाही सोसत नाही. आयोडीनवर जपानच्या कानाझावा विद्यापीठात काम झाले. जेंटामायसिनचा लेप असलेली नडगीची सळई उघड्या हाडमोडीत वापरतात. औषध मुख्यतः पहिल्या काही दिवसांत सुटते. तेवढे पुरते, कारण पृष्ठभाग आधी पेशींनी व्यापायचा की जंतूंनी, याचा निकाल लवकर लागतो.

गुडघा किंवा खुबा बदलणाऱ्याने रंग विचारू नये. मॉडेलचे नाव आणि त्याची किमान दहा वर्षांची नोंद विचारावी, आणि खोक्यातील लॉट क्रमांकाचे स्टिकर आपल्या कागदांत चिकटवून घ्यावे.