टर्मिनल बंद, प्रोग्राम चालू!

अहो, हातातलं काम ठेवा आणि इकडे या! आधीच सांगते, मी सिस्टिम अ‍ॅडमिन वगैरे अजिबात नाही. पण हे कळल्यापासून एका जागी बसवत नाहीये!

माझा एक साधासुधा पायथॉन प्रोग्राम आहे. खोलीचं तापमान मोजतो आणि स्क्रीनवर छापत बसतो. टर्मिनल बंद केलं की तोही गेला! असल्या प्रोग्रामला पडद्याआड न्यायला जुन्या युनिक्समध्ये केवढा द्राविडी प्राणायाम! प्रोग्रामनं फोर्क करून स्वतःची प्रत काढायची, मूळ प्रतीनं गाशा गुंडाळायचा, आणि मग उरलेलीनं टर्मिनलशी नातं तोडायचं, आणि मग पुन्हा एकदा फोर्क, आणि मग आपला प्रोसेस नंबर फाइलीत लिहून ठेवायचा! वाचूनच घाम फुटला.

आणि लिनक्समधलं सिस्टिमडी म्हणतं, यातलं काहीच करू नका! प्रोग्राम जसा आहे तसाच द्या! फक्त एक चिमुकली फाइल लिहा. एक्झेकस्टार्टपुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, रीस्टार्टपुढे ऑलवेज, वाँटेडबायपुढे मल्टी-यूझर टार्गेट. मग सिस्टिमडीच्या सिस्टिमसीटीएल या कमांडला एनेबल म्हणा. झालं! मशीन सुरू होताच कर्नल सिस्टिमडीला उठवतो (त्याचा प्रोसेस नंबर चक्क 1!), आणि ते आपल्या प्रोग्रामला उठवतं!

मग मला चेव आला. किल मायनस नाइननं त्याला ठार केलं, आणि तो परत हजर! मध्ये फक्त 100 मिलिसेकंद! पुन्हा मारला, पुन्हा हजर! पण सिस्टिमसीटीएल स्टॉप म्हटलं, तर मुकाट थांबला! म्हणजे खून झाला की आपणच थांबवलं, हे सिस्टिमडीला कळतं हो! आणि छापलेली एकेक ओळ तारीख-वेळेसकट सिस्टिमडीच्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये! (पायथॉनला मायनस यू लावा बरं का, नाहीतर ओळी बफरमध्येच तुंबून राहतात आणि जर्नल रिकामं दिसतं.)

आणि सतत मारत राहिलं तर? त्यालाही हद्द आहे! 10 सेकंदांत 5 वेळा सुरू झाला, की सहाव्यांदा सिस्टिमडी साफ नकार देतं! मग रीसेट-फेल्ड म्हणून त्याची समजूत काढायची.

तुमच्याकडे लिनक्स आहे ना? उघडा की! सुडोचा पासवर्ड टाका, मी तिकडे तोंड फिरवते. आधी कोणाला मारायचं?