व्रण जिवंत असतो

जखम भरली की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. खपली गेली, ओल थांबली, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली. भाजलेल्या माणसाचं एक दुखणं मात्र तिथूनच सुरू होतं, आणि त्याच्याकडे बघायला तेव्हा कोणाला सवड नसते.

शरीर जखम बुजवतं ते घाईने. धड कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांतून गेलेले असतात, म्हणून ती हवी तिकडे ताणते. व्रणात तेच धागे एका दिशेला दाटीवाटीने पडतात. शिवाय तिथे मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. १९७१ साली गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं. त्या स्नायूंसारख्या आक्रसतात आणि जखमेच्या कडा जवळ ओढतात. उपकारच तो. पण खोल भाजलं असेल तर जखम मिटल्यावरही त्यांची ओढ चालू राहते. मग हनुवटी छातीकडे झुकते, कोपर सरळ होत नाही, काखेतली कातडी हात वर जाऊ देत नाही.

कोपरखैरण्याच्या माझ्या मावशीचा उजवा हात उकळत्या तेलाने पोळला. तळहात वाचला, पाठीमागची कातडी गेली. भरून आल्यावर ती लाल, टणक, चकचकीत दिसायची आणि बोटं मागे खेचायची. मूठ वळेना. लाटणं धरता येईना. रात्री खाजेने मावशी उठून बसायची. घरी येणारी फिजिओ मुलगी व्रणावर तेलाचा हात फिरवायची, मग अंगठा टेकून व्रण पांढुरका होईपर्यंत दाबायची आणि गोल, आडवा, उभा फिरवायची. त्यानंतर एकेक बोट सावकाश वाकवून धरून ठेवायची. "काकू, श्वास सोडा. ताण कळला पाहिजे, कळ नको." मावशीचे डोळे भरायचे, पण हात ती मागे घेत नसे.

असे व्रण दाबून 'तोडतात' ही समजूत फार पसरलेली आहे. इतके चिवट धागे अंगठ्याने तुटत नाहीत, आणि आडदांड जोर लावला तर कोवळी कातडी फाटते, सुजते, नवा व्रण तयार होतो. हलका, लांबलेला, रोजचा ताण पेशींना जाणवतो आणि नवे धागे त्या ताणाच्या बेताने पडतात. मालिशीने खाज आणि दुखणंही हलकं होतं. रात्रीचा स्प्लिंट, दिवसभर घालायचा घट्ट हातमोजा, सिलिकॉनची पट्टी हे सगळं त्याच कामाला लागलेलं.

व्रण हा सतत नव्याने विणला जातो याचा एक भयंकर पुरावा इतिहासात आहे. १७४० साली कमोडोर अ‍ॅन्सनचं आरमार इंग्लंडहून निघालं आणि वाटेत क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने खलाशी मरू लागले. त्यांतल्या एकाच्या, १६९० च्या बॉइनच्या लढाईतल्या, पन्नास वर्षं मिटलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. क जीवनसत्त्वाशिवाय धड कोलॅजन बनत नाही, आणि जुनं तर झिजतच असतं. मला या गोष्टीत धीर सापडतो: जे रोज घडतं आहे, त्याला वळणही लावता येतं.

नवी मुंबईकरांना भाजण्याच्या धोक्याची आठवण वेगळी करून द्यायला नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक कारखाने शेजारी आहेत, आणि भाजलेल्यांसाठीच चालणारं नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीत आहे. खाडीपलीकडे, परळच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची मलमपट्टी वापरून पाहिली होती. त्यांचा लेख १९८५ चा. भाजलेल्या गरीब मुलांसाठी स्वस्त उपाय शोधणाऱ्या त्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो. व्यायाम तर त्याहूनही स्वस्त. त्याला हवा असतो वेळ आणि घरातलं एक माणूस.

व्रण लाल आणि उंच असतो तोवर, म्हणजे साधारण पहिलं वर्ष-दीड वर्ष, तो सर्वांत ऐकतो. पुढे बरेचदा शस्त्रक्रियाच उरते. तेव्हा घरात कोणी भाजलं असेल तर मायेपोटी त्याच्या भाजलेल्या मानेखाली उशी सरकवू नका. आराम वाटतो त्याच स्थितीत कातडी आखडते. आणि मलमपट्टी बंद होईल त्या दिवशी डॉक्टरांना न विसरता विचारा, व्यायाम कोण शिकवणार आणि कधीपासून.