शिक्र्याला मालक नसतो

चि. मिहिर,


तुझी चिठ्ठी वाचली आणि हातातलं काम तसंच राहिलं. अँटॉप हिलच्या क्वार्टर्समागे रेन ट्रीखाली शिक्र्याचं पिल्लू सापडतं, तू ते गॅलरीत ठेवतोस आणि वर मला विचारतोस, "आत्या, याला शिकारीला कसं तयार करायचं?"

'मानसोल्लास'मधला श्येनविनोद वाचून तू भारावलास, ते समजतं. कल्याणीचा सोमेश्वर चालुक्य १२व्या शतकात शिकारी पक्ष्यांवर अख्खं प्रकरण लिहितो, हे थोरच. पण ती विद्या कशावर उभी होती, ते बघ. नव्याने धरलेल्या पक्ष्याच्या पापण्या दोऱ्याने शिवत. पायांत चामड्याच्या वाद्या, रात्ररात्र जागरण. पोट भरलेला पक्षी परत येत नाही, फार उपाशी ठेवला तर मरतो. मधल्या नेमक्या भुकेवर सगळा खेळ. शिक्र्याला तर मुठीत धरून लाव्यावर फेकत. कुत्रा जीव लावतो, शिक्रा लावत नाही. तो हातावर येतो ते मांसासाठी. शेकडो वर्षं राजांनी त्याला मुठीवर बसवलं, तरी तो कुणाचा झाला नाही. मला त्याचं मोल वाटतं ते याचसाठी.

युनेस्कोने २०१० साली या कलेला वारसा म्हटलं, असं तू म्हणशील. म्हणू देत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिक्रा पाळणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

खायला काय घालतोस? दूध-पाव मुळीच नको. नुसता खिमाही नको, हाडांवाचून वाढलेल्या पिल्लाची हाडं वाकतात. त्याला सारखा हातात घेऊ नकोस. माणसांत वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजतं, मग रानात त्याचा निभाव लागत नाही. आणि ते पोरकं आहे हे कुणी सांगितलं? ही पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात, आईबाप त्यांना बाहेरही भरवतात. झाडावर कुणी ओरडतंय का, ते आधी बघ.

वनखात्याला १९२६वर आजच फोन कर. ते सांगतील तसं त्याच झाडावर ठेव. जखम असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात ने. चोचीत पाणी ओतू नकोस. तुमच्या गॅलरीला जाळी आहे ना रे? खालची मांजरं वर येतात, मागे मीच पाहिली आहेत. संध्याकाळपर्यंत काय झालं ते कळव, नाहीतर मीच निघून येते.

तुझी,
आत्या