आंबट कुठलं, ते आधी ओळख

वारासिवनी

प्रिय भाचेबाई,



तुझा निरोप वाचला. मंडळातल्यांनी तुला ‘औड ब्रुइन’ या आंबट बिअरला गुण द्यायला बसवलं आणि पहिल्याच घोटाला ती तुला नासल्यासारखी वाटली. वर पुढच्या बैठकीत आपल्या मोहाच्या दारूवर बोलायचंही कबूल करून बसलीस! दोन्ही कामांचं शास्त्र एकच आहे, म्हणून एकाच पत्रात उरकतो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं तेव्हा हा धडा पुस्तकात नव्हता. तुझ्या आईला हे पत्र दाखवायची काही गरज नाही.

आधी मोह. चैत्राच्या सुमारास फूल पहाटे गळतं. बैहर, परसवाड्याकडच्या गोंड, बैगा बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. पिवळट-पांढरं, गरगरीत, बोटांना चिकटणारं फूल. वाळलं की तपकिरी होतं आणि त्याला मनुक्याचा वास येतो. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्तच, साखर असते. म्हणून लोक ते भाजून खातात, उकडून खातात, गुराढोरांनाही घालतात. दारू हा त्याचा एक उपयोग, एकुलता एक नव्हे. हे बैठकीत आवर्जून सांग.

दारूसाठी फुलं पाण्यात भिजत घालतात. हवेतलं, फुलावरचं यीस्ट साखरेवर कामाला लागतं आणि हवामानाप्रमाणे काही दिवसांत सडवा तयार होतो. बालाघाटच्या हिंदी पेपरात ‘लाहन नष्ट’ अशी बातमी येते ना, ते हेच. मग चुलीवर सडव्याचं मडकं, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं, त्याच्या आत एक छोटं भांडं आणि सगळ्यांवर थंड पाण्याचं भांडं. सांधे चिंध्या नि ओल्या मातीनं लिंपलेले. वाफ वरच्या थंड बुडाला लागते, तिचे थेंब आतल्या भांड्यात टपकतात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. किती वेळा बदललं, यावर दारू कडक की पातळ ते ठरतं: पहिल्या पाण्यांची जहाल, पुढं पुढं फिकी. हायड्रोमीटर नाही, पण मोजदाद पक्की.

आता मुद्द्याचं. सडव्यात यीस्टबरोबर जिवाणूही शिरतात. काही लॅक्टिक आम्ल करतात, जे दह्यात असतं. काही हवा मिळाली की अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे सिरका. लॅक्टिक आम्ल सहजी उडत नाही. ते बहुतेक सगळं खालच्या मडक्यातच राहतं. ॲसिटिक 118 अंशांना उकळतं, पण त्याच्या आधीच थोडंथोडं वाफेबरोबर वर जातं. म्हणून मोहाची दारू आंबट लागली तर समजायचं, सडवा जास्त दिवस उघडा पडला होता. तिथं आंबटपणा हा दोषच.

तुझ्या बिअरची वाफ धरत नाहीत, त्यामुळे लॅक्टिक आम्ल पेल्यापर्यंत पोचतं आणि तेच तिचं भूषण. या जातीचं माहेर बेल्जियमच्या पूर्व फ्लँडर्समधलं औडेनार्डे. तिथली लीफमान्स ब्रुअरी 1679 पासूनची. जुनी मुरलेली आणि नवी बिअर एकत्र करून आंबट-गोडाचा मेळ साधतात. तिथं रोझा मर्क्स 1946 मध्ये सेक्रेटरी म्हणून लागल्या आणि पुढं ब्रूमास्टर झाल्या. आपल्या पाड्यांवरही भट्टी अनेकदा बायांच्याच हाती असते, तेव्हा बैठकीत हा धागा जोडायला हरकत नाही. शेजारच्या पश्चिम फ्लँडर्समध्ये रूसेलारेची रोडेनबाख आहे, 1821 ची. तिथं लाल जातीची बिअर ओकच्या अवाढव्य पिंपांत मुरते. लाकडातून हवा झिरपते, म्हणून तिला सिरक्याची धार येते आणि त्या लाल जातीत ती थोडी खपते. औड ब्रुइनमध्ये ती ठळक झाली, तर गुण कापायचे.

मग ओळखायचं कसं? नाकानं. जे मडक्यातून वाफेबरोबर वर येत नाही, ते पेल्यातूनही नाकाकडे येत नाही. पेला जवळ नेताच झणका बसला तर सिरका. नाकाला फक्त मनुका, अंजीर, करपू दिलेली साखर आणि आंबट लागतं ते थेट जिभेला, तर लॅक्टिक. पेला फार गार असेल तर तळहातात धरून जरा कोमट कर. गार पेल्यात दोष लपतात. हॉप्सचा वास जवळजवळ नकोच. तुमच्या कागदावर 50 गुण असतील: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या भरीवपणाला 5, एकूण परिणामाला 10. ‘मला आवडली नाही’ याला त्यात रकाना नाही. या जातीत ती कशी असायला हवी होती आणि कशी निघाली, एवढंच लिहायचं.

मोहाला असा परीक्षक फार काळ मिळालाच नाही. इंग्रजांनी 1892 मध्ये मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडं म्हवरा कायदा आणून फुलावरच निर्बंध घातले. आपल्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्यापुरती काढायची मुभा, बाकी गुन्हा. 2022 मध्ये सरकारनं ‘हेरिटेज मदिरा’ धोरण आणलं, तेव्हा कुठं बचतगटांना बाटलीबंद मोह विकायची वाट खुली झाली. चोरून काढलेल्या दारूला ना रकाने, ना गुण. लोक काडी लावून निळी ज्योत बघतात आणि पास करतात. ती खूण घातक आहे. विषारी मिथेनॉलही निळंच जळतं. बैठकीत हे नक्की सांग.

तेव्हा पुढच्या खेपेला पहिला घोट घेण्याआधी वास घे, मग कागदावर लिही. औड ब्रुइनला किती दिलेस आणि का, ते मला कळव. कारणं पटली नाहीत तर मी तुझेही गुण कापीन.

तुझा,
मामा