शेवटचा चेक

आपल्या वार्तापत्रात माजी विद्यार्थी बहुधा नवा उद्योग कसा सुरू केला ते लिहितात. मी मात्र उद्योग बंद केल्याविषयी लिहिणार आहे. तेही शिकावेच लागते.

दांडिया बाजारातला आमचा छापखाना जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. शाळेची प्रगतिपुस्तके, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका आम्हीच छापत असू. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९८७ साली त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, लग्ने घरच्या घरी उरकली आणि काम उरले नाही. मार्च २०२२ मध्ये दादाने व मी यंत्रे विकून कुलूप लावले. तोवर नानाही गेले होते.

मला वाटले, आता बँकेत एक अर्ज दिला की झाले. आमच्या सीएंनी थांबवले. "खाते सर्वांत शेवटी. आधी येणी वसूल करा, मग देणी फेडा." कारण लवकरच कळले. आयकराचा परतावा कंपनीच्या खात्यात आला. विजेची अनामत कंपनीच्याच नावाच्या चेकने मिळाली. जीएसटीची नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचे विवरणपत्र भरायचे, त्यात निघालेला करही याच खात्यातून गेला. खाते नुसते टाकून देणेही बरे नाही. दोन वर्षे व्यवहार नसला की ते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते.

सलग दोन आर्थिक वर्षे व्यवसाय नसेल तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याचा अर्ज करता येतो. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये मी बँकेचा उतारा वहीशी ताडून पाहिला. ८,४०० रुपये जुळेनात. बाइंडिंगवाल्या मामांना २०२२ साली दिलेला शेवटच्या पगाराचा चेक वटलाच नव्हता. दोन वर्षे माझ्या लक्षात आले नाही, ही चूक माझीच.

दादा म्हणाला, "चेकची मुदत तीन महिने. ती केव्हाच संपली." मुदत चेकची संपली होती, देणे संपले नव्हते. शिवाय कंपनीवर कोणाचे देणे नाही असे प्रतिज्ञापत्र आम्हा दोघांनाच करायचे होते.

मी वाडीत मामांच्या घरी गेलो. त्यांनी देवघराच्या खणातून पाकीट काढले. चेक घडी न मोडता ठेवलेला. म्हणाले, "भाऊ, छापखाना बंद पडला, खात्यात पैसे असतील-नसतील. चेक परत आला असता तर नानांच्या नावाला कमीपणा. म्हणून भरलाच नाही." एकतीस वर्षे आमच्याकडे काम केलेल्या माणसाने स्वतःचा पगार सोडून आमची अब्रू सांभाळली होती. मला पटकन बोलता येईना. जुना चेक घेऊन नवा दिला आणि याच आठवड्यात भरा असे बजावले. त्यांनी भरला. तो वटल्यावरच आम्ही बँकेत गेलो.

तिथले काम तासाभराचे. संचालक मंडळाचा ठराव, दोघांच्या सह्यांचे पत्र, न वापरलेले चेक परत. उरलेली शिल्लक भागधारकांना देऊन खाते शून्यावर आले होतेच. बँकेचे खाते बंद झाल्याचे पत्र सीएंना दिले, अर्जाचे दहा हजार रुपये आम्ही खिशातून भरले. काही महिन्यांनी कंपनीचे नाव निघाले. हिशेबाची कागदपत्रे आठ वर्षांची जपायची असतात, ती माळ्यावर आहेत.

वाणिज्य शाखेच्या मुलांनी ताळमेळ पत्रक गुणांपुरते करू नये. न वटलेला चेक ही त्यात एक ओळ असते, पण त्या ओळीमागे कोणीतरी घरी बसलेले असते. मामांचा तो जुना चेक मी रद्द केला, फाडला मात्र नाही. यंदाच्या दिवाळीत चोपडापूजनाला चोपडा नसेल, तेव्हा तोच पाटावर ठेवणार आहे.

— एक माजी विद्यार्थी